खेपेचा हिशेब

लांब पल्ल्याची खेप आटोपून मालमोटारीचा चालक ज्या दिवशी कचेरीत हिशेबाला बसतो, त्या दिवशी त्याच्यापुढच्या कागदावर निघताना दिलेली तसलमात, वाटेत भरलेले डिझेल, पंक्चरची मजुरी, माल उतरवतानाची वाराई, दंडाच्या पावत्या, मालात आलेल्या घटीची किंमत आणि 'किरकोळ' या सोज्ज्वळ नावाखाली दडलेली नाक्यानाक्यावरची चिरीमिरी, इतक्या बाबी तपशीलवार मांडलेल्या असतात. नसते ती एकच बाब, आणि ती म्हणजे माल उतरवून घेणाऱ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर, आपला नंबर लागण्याची वाट पाहत, त्याने काढलेले दोन दिवस आणि दोन रात्री. टायर किती किलोमीटर चालला याची या धंद्यात नोंद असते, इंजिनाचे तेल केव्हा बदलले याची असते, ताडपत्री कोणत्या साली घेतली हेही मालकाला तोंडपाठ असते. चालकाचा वेळ मात्र कोणत्याच वहीत जमा होत नाही.

चालकांच्या तक्रारी ऐकावयास बसले तर त्यांना अंत नाही. पगार तुटपुंजा, घरी जाण्याची रजा बेभरवशाची, भाषा अरेरावीची, अपघात झाला तर कंपनीचा फोन बंद, आणि तीस वर्षे गाडी हाकूनही म्हाताऱ्या वयासाठी एक पै जमा नाही. परंतु या तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणी उगवलेल्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ शोधीत गेल्यास आपण वारंवार एकाच जागी येऊन पोहोचतो, आणि ती जागा म्हणजे खेपेवर ठरणारा मोबदला होय. काम तासांनी मोजावयाचे नाही, ठरीव रकमेत खेप पुरी करून घ्यावयाची, आणि घाटातली कोंडी, बंद पडलेला वजनकाटा, कारखान्याच्या पाळीची वेळ, एखाद्या अंमलदाराची लहर असे रस्त्यावर जे जे अनिश्चित असेल त्याचा भुर्दंड साखळीतल्या शेवटच्या माणसावर टाकावयाचा, ही ती पद्धत.

ही साखळी कशी आहे हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण 'कंपनी चालकांना कशी वागवते' असा प्रश्न विचारला की पहिली अडचण कंपनी कोणती हे ठरविण्याचीच येते. आपल्या देशातील मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के माल रस्त्याने जातो. आणि तो वाहणाऱ्या गाड्यांपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास गाड्या पाचांहून कमी गाड्या बाळगणाऱ्या मालकांच्या आहेत. माल पाठविणारा कारखाना मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीला काम देतो, ती कंपनी बिल्टी फाडते, पण गाडी स्वतःची पाठवीलच असे नाही. ती कळंबोलीच्या पोलाद बाजारातील किंवा भिवंडीच्या गोदामांच्या रांगेतील एखाद्या दलालाकडून बाजारभावाने गाडी उचलते, दलाल आपले कमिशन कापून गाडीमालकाला भाडे सांगतो, आणि मालक त्यातून बँकेचा हप्ता, विमा, टायर वजा जाता जे हाती राहील असे वाटते त्याच्या अंदाजाने चालकाशी खेप ठरवितो. बिल्टीवर नाव एकाचे, नोंदणीपुस्तकावर दुसऱ्याचे, मालावर तिसऱ्याचे. फिर्याद करावयाची झाली तर ती कोणाविरुद्ध रुजू करावी, हे ठरविण्यापूर्वीच चालकाची पुढची खेप भरलेली असते.

गाडीमालक हा या कथेतला खलपुरुष आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. एक-दोन गाड्यांचा धनी हा बहुधा कालपरवापर्यंत स्वतःच चालक असतो. भाड्याचा मोठा भाग माल भरताना आगाऊ मिळाला तरी उरलेली बाकी, शिक्क्यानिशी आलेली पोच कचेरीत जमा झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी, तीही काटछाट होऊन मिळते, आणि हप्ता मात्र तारखेला चुकत नाही. वरून जे दडपण त्याच्यावर येते तेच तो खाली सरकवितो. मोठ्या कंपन्यांना ही रचना अतिशय सोयीची आहे, कारण तीत मालाची ने-आण करण्याचे श्रेय त्यांचे आणि ती करणाऱ्या मनुष्याचे दायित्व दुसऱ्याचे, अशी वाटणी आपोआप होते.

खेप ठरविण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कोठे लहानसा मासिक पगार व दररोजचा भत्ता, कोठे किलोमीटरमागे दर, तर कोठे डिझेल, टोल, खुराकी, सगळे धरून एक ठोक रक्कम हातात द्यावयाची आणि वाचेल ते चालकाचे, बुडेल तेही चालकाचे. डिझेलच्या 'ॲव्हरेज'वरून होणारी कटकट तर या धंद्यात नित्याची आहे. सपाट रस्त्यावर, बेताच्या भाराने, नव्या गाडीने जे ॲव्हरेज दिले तेच कसाऱ्याचा घाट चढताना, बिजासनच्या चढणीला रांगेत गचके खात असताना आणि दहा वर्षांच्या जुन्या इंजिनानेही दिले पाहिजे, असा हिशेब कचेरीत बसलेला इसम करतो आणि फरक चालकाच्या नावे लिहून टाकतो. अलीकडे गाडीत जागा दाखविणारे यंत्र बसले, डिझेलच्या टाकीत मापक आला, तेव्हा खऱ्याखोट्याचा निवाडा होईल असे वाटले होते. पण यंत्र गाडी थांबली एवढे सांगते, का थांबली हे सांगत नाही. त्यामुळे पूर्वी दिवसातून एकदा येणारा 'कुठे पोहोचलास?' हा फोन आता गाडी अर्धा तास उभी राहिली की येतो. चालक डिझेल विकत नाहीत असे मी म्हणणार नाही. महामार्गाच्या कडेला पिंपे मांडून बसलेले गिऱ्हाईक ज्यांनी पाहिले आहे त्यांना तसे म्हणता येणार नाही. परंतु ज्या धंद्यात उघड मोबदल्याने घर चालत नाही त्या धंद्यात छुपा मोबदला निर्माण होतो, आणि मग त्या छुप्या मोबदल्याकडे बोट दाखवून उघड मोबदला कमी ठेवला जातो, ही गोष्ट जुन्या संस्थानी कारभारातल्या कारकुनांविषयी जितकी खरी होती तितकीच येथेही आहे.

घटीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. लोखंडाच्या सळ्या भरताना एका काट्यावर वजन होते, उतरताना दुसऱ्यावर. दोन काट्यांत फरक निघतो, आणि तो फरक रुपयांत रूपांतरित होऊन चालकाच्या हिशेबात उतरतो. सिमेंटची पोती फाटली, धान्याला ओल लागली, पेटीचा कोपरा चेपला, तरी तेच. वास्तविक वाहतुकीत झालेल्या नुकसानीची जबाबदारी सार्वजनिक वाहकावर आहे हे तत्त्व आपल्याकडे १८६५ च्या कायद्याइतके जुने आहे. त्याची जागा घेणाऱ्या, २००७ साली संमत होऊन २०११ पासून अमलात आलेल्या रस्ता-वाहतुकीच्या कायद्यानेही ते सोडलेले नाही. वाहक म्हणजे भाडे घेऊन माल नेण्याची हमी देणारी पेढी. स्टिअरिंगमागे बसलेला नोकर नव्हे. व्यवहारात मात्र पेढीने घेतलेली हमी बिल्टीबरोबरच गाडीमालकाच्या, आणि त्याच्या हातून चालकाच्या खिशात जाऊन पडते. ताडपत्री बांधल्यावर आत काय आहे, किती आहे, हे पाहण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याने ते पुरे पोहोचविण्याचा जामीन राहावयाचे.

आणि मग खोळंबा. न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनरगाड्यांच्या ज्या रांगा लागतात त्या उरण-पनवेलच्या लोकांना नव्या नाहीत. परंतु वाटसरूला ती वाहतुकीची कोंडी दिसते, आणि रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने तो बुडालेला रोजगार असतो. कारखान्याचे गोदाम भरलेले आहे, उतरवणारी टोळी गेली आहे, साहेब जेवायला गेले आहेत, संगणक बंद आहे, शनिवार दुपारनंतर माल घेत नाहीत, अशी कारणे शंभर. पण त्यांपैकी एकही चालकाच्या हातचे नाही. गाडी फिरत असते तेव्हाच तिच्या मालकाला आणि चालकाला काही मिळते, आणि उभी असते तेव्हा तिचा उपयोग माल घेणाऱ्याला फुकटच्या गोदामासारखा होतो. करारात खोळंब्याच्या भरपाईचे कलम कधी असते, कधी नसते. असलेच तर ती भरपाई ट्रान्सपोर्ट कंपनीपर्यंत येते, क्वचित मालकापर्यंत झिरपते, आणि तेथून खाली येण्यापूर्वी बहुधा आटून जाते. बऱ्याच कारखान्यांत चालकाला फाटकाच्या आत शौचालय वापरू देत नाहीत. हा प्रश्न पैशाचा नाही, म्हणून त्याची चर्चा मालकांच्या बैठकांत होत नाही.

महाराष्ट्रात या खोळंब्याला एक बोचरी पार्श्वभूमी आहे. गाडीतून पोते उचलून गोदामात नेणाऱ्या माथाडी कामगारासाठी, अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील दीर्घ चळवळीनंतर, या राज्याने १९६९ साली कायदा केला. त्याअन्वये मंडळे स्थापन झाली, मजुरीवर लेव्ही बसली, आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा या गोष्टी अशा मजुरांना मिळू लागल्या ज्यांचा मालक रोज बदलत होता. कायमचा एक मालक नसला तरी कामगाराला संरक्षण देता येते, हे या कायद्याने सिद्ध केले, आणि त्याबद्दल महाराष्ट्राने अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पण तोच माल हजार किलोमीटरवरून आणणारा, ज्याचा मालकही असाच अनेक नावांत विभागलेला आहे, तो चालक त्याच फाटकात या व्यवस्थेच्या बाहेर उभा असतो. इतकेच नव्हे, तर उतरवणुकीची वाराईही पुष्कळ ठिकाणी त्याच्याकडूनच वसूल होते. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा यातूनच निघाली. घोषणा न्याय्य आहे. तिच्या धर्तीवर 'ज्याचा खोळंबा त्याचा खर्च' अशी घोषणा मात्र वाहतूकदारांनी अद्याप केलेली नाही.

कायदा मुळीच नाही असे नाही. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ सालचा आहे. दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास काम, लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० व ५४ तास, ५ तास कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची मोकळीक, अशी त्याची मांडणी असून, पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही हेच तास मान्य केले. २०२० साली तो व्यावसायिक सुरक्षिततेच्या एकत्रित संहितेत सामावून घेण्यात आला. परंतु १९६१ च्या कायद्याची पहिली अट अशी की संस्थेत निदान पाच कामगार असावेत. लहान संस्थांना तो लागू करण्याची मुभा राज्यांना होती, तरी मूळ चौकट पाचाचीच. पाचांहून कमी गाड्यांच्या मालकांनी भरलेल्या धंद्यावर पाच कामगारांची अट घालणे म्हणजे मासे ज्या आकाराचे आहेत त्याहून मोठी भोके जाळ्याला ठेवण्यासारखे झाले. परिणाम व्हायचा तोच झाला आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाकाठी सरासरी सुमारे १२ तास गाडी हाकतात असे आढळले. जवळजवळ निम्म्यांनी थकवा किंवा झोप येत असतानाही आपण गाडी चालवितो असे कबूल केले. आणि ८४ टक्के चालकांनी आपल्या नातलगाला या धंद्यात येण्याचा सल्ला देणार नाही असे सांगितले.

या शेवटच्या आकड्याकडे कंपन्यांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते, कारण चालक मिळत नाहीत ही त्यांचीच आजची मोठी ओरड आहे. पूर्वी लांबच्या गाडीवर चालकाच्या जोडीला क्लीनर असे. तो काच पुशी, चाकाला ओट लावी, घाटात उतरून मागे हात दाखवी, रात्री उस्तादाशी गप्पा मारून त्याला जागे ठेवी, आणि चार-पाच वर्षांत, शिव्या खात खात, स्वतः चालक होई. कोणत्याही शाळेत न शिकविलेली ही विद्या अशीच एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जात होती. भाडी उतरली तसा प्रथम क्लीनर गेला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत असा नियम होता, तोही २०१८ साली काढून टाकण्यात आला. तो पूर्वी पाळला जात होता असे मोठ्या आग्रहाने म्हणता येणार नाही, पण कागदावर का होईना, तो दुसऱ्या माणसाची गरज कबूल करीत होता. आता केबिनमध्ये एकटा मनुष्य असतो, त्याच्यामागे शिकणारा कोणी नाही, आणि नवे चालक कोठून येणार हा प्रश्न परिषदांत विचारला जातो.

सरकारी सुधारणांचा चालकाला काहीच लाभ झाला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, राज्यांच्या सीमांवरील करतपासणीचे नाके उठले, मुंबईची जकात गेली, आणि जेथे गाड्या तासन्‌तास उभ्या राहत तेथून त्या सरळ निघू लागल्या. फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोलच्या सुट्या पैशांची हुज्जतही संपली. पण वाचलेला वेळ चालकाच्या झोपेत जमा झाला नाही. तो पुढच्या खेपेत जमा झाला. शिवाय मालाबरोबर फिरणाऱ्या ई-वे बिलाला मुदत असते, ती आज दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालते, आणि कागदांत काही कसूर निघाली तर अधिकारी मालासह गाडी अडकवून ठेवू शकतो. वाद असतो माल पाठविणाऱ्याचा आणि करखात्याचा, आकडा असतो कोणा कारकुनाने चुकविलेला. परंतु वाद मिटेपर्यंत गाडीजवळ राहतो तो चालक, आणि त्या दिवसांची खुराकीही कोणी देईल याची शाश्वती नसते.

जादा भाराचे प्रकरणही याच वळणाचे आहे. २०१८ च्या जुलैत सरकारने जड गाड्यांचा अनुज्ञेय भार सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा आता तरी ओव्हरलोडिंग थांबेल अशी अपेक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २०,००० रुपये व वर प्रत्येक टनाला २,००० रुपये असा जबर दंड आला. कलमाची भाषा गाडी चालविणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला सारखीच लागू आहे, हे खरे. पण त्याआधीच २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता-सुरक्षा समितीने अशा गुन्ह्यांत निदान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते, आणि निलंबित होणारा परवाना चालकाचाच असतो. माल किती भरावा हे ठरविणाऱ्याजवळ निलंबित करण्यासारखा परवानाच नाही. 'इतका भरणार नाही' असे म्हणणाऱ्या चालकाच्या जागी दुसरा अर्ध्या तासात उभा करता येतो, ही गोष्ट भरणाऱ्यालाही ठाऊक असते आणि चालकालाही.

ही दुर्दशा केवळ आपल्या दारिद्र्यातून आली आहे अशी समजूत करून घेण्यापूर्वी बाहेर पाहणे बरे. अमेरिकेत १९३८ च्या श्रमकायद्याने कामगारांना जादा तासांचे दीडपट वेतन दिले, पण आंतरराज्य मालमोटारींचे चालक त्यातून वगळले गेले, आणि आजही त्यांच्यापैकी बहुतेकांना मैलावर पैसे मिळतात. गोदामापाशी वाट पाहण्यात गेलेल्या तासांचे मोल तेथेही थोडेच मिळते. १९८० साली तेथील वाहतुकीवरील नियंत्रणे उठली, भाडी घसरली, आणि वीस वर्षांनी मायकेल बेल्झर या अर्थशास्त्रज्ञाने 'स्वेटशॉप्स ऑन व्हील्स' या ग्रंथात त्याचे चालकांवरील परिणाम नोंदविले. डिसेंबर २०१७ पासून तेथे बहुसंख्य गाड्यांवर तासांची नोंद ठेवणारे यंत्र सक्तीचे आहे. १४ तासांच्या आवाक्यात ११ तासच गाडी हाकता येते, परंतु गोदामाने पाच तास खाल्ले तरी तो १४ तासांचा काटा चालूच राहतो, म्हणून तेथला चालक यंत्राच्या नव्हे तर गोदामाच्या नावाने बोटे मोडतो. चालकाला नोकर न म्हणता 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणावयाचे, गाडी भाड्याने द्यावयाची आणि तिचे हप्ते त्याच्या कमाईतून कापावयाचे, ही तिकडची आणखी एक युक्ती. असा एक वाद २०१९ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि, निदान सक्तीच्या लवादाच्या मुद्द्यावर, चालकाच्या बाजूने एकमताने सुटला.

युरोपाने प्रश्नाच्या मुळाशी हात घातला आहे. २००६ च्या नियमावलीत दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती आहेच. पण जे अंतर, जो वेग किंवा जितका माल त्यावर मोबदला बांधल्याने रस्त्याची सुरक्षितता धोक्यात येत असेल, तसा मोबदला देऊच नये असेही तीत स्पष्ट लिहिले आहे. ऑस्ट्रेलियाने तर २०१२ साली चालकांचा मोबदला आणि रस्त्यावरील मृत्यू यांचा संबंध गृहीत धरून स्वतंत्र न्यायाधिकरण नेमले होते; चार वर्षांत ते बरखास्त झाले, कारण लहान गाडीमालकच त्याच्याविरुद्ध उठले. नियम असला म्हणजे तो पाळला जातो असेही नाही. २०२३ च्या वसंतात जर्मनीतील ग्रेफेनहाउसेन येथील महामार्गावरच्या थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तान अशा दूरच्या देशांतील सुमारे साठ चालकांनी, एका पोलिश धनिकाच्या गाड्या उभ्या करून, थकलेल्या मजुरीसाठी ठाण मांडले. गाड्या परत घेण्यासाठी मालकाने खासगी बंदोबस्त पाठविला, त्याला पोलिसांनीच अडविले, आणि काही आठवड्यांनी पैसे चुकते झाले. कोणतीही कचेरी जे देववू शकली नाही ते गाडीच्या किल्लीने मिळवून दिले.

आपल्याकडे 'ट्रकवाल्यांचा संप' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत नेहमीचा असला, तरी तो बहुधा गाडीमालकांचा असतो. २०१८ च्या जुलैतला आठ दिवसांचा देशव्यापी संप घ्या: डिझेलचे दर, टोल, विम्याचा हप्ता या त्याच्या मुख्य मागण्या होत्या; चालकाच्या तासांची गोष्ट त्यांत नव्हती. चालक स्वतःसाठी, आणि बऱ्याच अंशी संघटनांना मागे टाकून, उठले ते २०२४ च्या १ जानेवारीला. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जमाव मारील या भीतीने आपण पळतो, थांबलो तर जिवानिशी जातो आणि पळालो तर दहा वर्षे, असे त्यांचे म्हणणे होते. गाड्या थांबल्या, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, दुसऱ्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी आश्वासन दिले, आणि १ जुलैला संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम तेवढे वगळलेले होते. हा विजय लहान नव्हे. पण तो दंडसंहितेविरुद्ध मिळाला, खेपेच्या हिशेबाविरुद्ध नव्हे. सरकार समोर एक असते, म्हणून त्याच्याशी भांडता येते.

मध्यंतरी सरकारला चालकाच्या प्रकृतीची आठवण झाली. याआधी ती १९९० नंतरच्या दशकात, एड्सच्या निमित्ताने झाली होती, आणि तेव्हा त्याच्याकडे आजारी म्हणून कमी व रोग पसरविणारा म्हणून अधिक पाहिले गेले. या खेपेची आठवण अधिक सभ्य आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे असा नियम झाला आहे, आणि मे महिन्यात धुळ्याहून पुढे शिरपूरच्या दिशेने ज्याने पत्र्याच्या केबिनमध्ये बसून प्रवास केला असेल त्याला या नियमाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र ते यंत्र चालण्यासाठी इंजिन चालू असावे लागते, आणि इंजिन डिझेल पिते. कारखान्याच्या फाटकाबाहेर दुपारच्या उन्हात गाडी लागलेली असताना, खेपेचे डिझेल ठरीव मापात हाती आलेले असताना, चालक ते यंत्र सुरू करील, की पूर्वीप्रमाणेच दोन्ही दारे उघडी टाकून गाडीखालच्या सावलीत अंथरूण पसरील, हे हिशेबाच्या त्याच कागदावर ठरावयाचे आहे.